रुंद टायर बसेल अशी, तरीही चपळ रिम ब्रेक रोड बाइक कशी निवडावी?

पानशेतवाट, पुणे

नमस्कार. गेली सहा वर्षे मी ॲल्युमिनियम फ्रेमची, चाकाच्या रिमवर रबर दाबून थांबणारी रिम ब्रेक रोड बाइक चालवत आहे. पुण्याहून पानशेत, मुळशी आणि ताम्हिणी हे माझे नेहमीचे रस्ते, आणि पावसाळ्यानंतर त्यांची काय दशा होते हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्या सायकलला २५ मिमीचे टायर आहेत. मागच्या वर्षी २८ चे टायर लावून पाहिले, पण टायरला चिकटून आलेला एक खडा फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) माथ्याखाली अडकला आणि तिथला रंग धातू दिसेपर्यंत खरवडला गेला, म्हणून ते काढून ठेवावे लागले.

मला ३२ मिमीचे टायर आरामात बसेल आणि पावसाळ्यात मडगार्ड लावता येईल अशी सायकल हवी आहे. पर्याय म्हणून एका मित्राची स्टीलची टूरिंग सायकल आठवडाभर वापरली. तिच्यात जागा भरपूर होती, पण चढावर उभे राहून पेडल मारले तरी ती पुढे झेपावत नसे, पायांतली सगळी ताकद जणू कुठेतरी मुरून जात असे. माझे वजन ६४ किलो आहे आणि मी सामान जवळपास नेतच नाही.

डिस्क ब्रेककडे वळायचे नाही, कारण माझ्याकडे आरे स्वतः बसवून घेतलेल्या रिम ब्रेकच्या चाकांच्या दोन जोड्या आहेत, शिमानोचा ११ स्पीडचा संच उत्तम चालतो आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मला घरी दुरुस्त करता येते. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो आणि डिसेंबरमध्ये येताना तो फ्रेम आणू शकेल. नवी घ्यावी की जुनी, आणि कोणती? आहे त्याच फ्रेममध्ये ६५०बी आकाराची, म्हणजे थोडी लहान चाके घालून भागेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

खाडीपलीकडचा, वॉलनट क्रीक

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ब्रेकच्या रीचमध्ये आहे, म्हणून फ्रेमचे नाव पाहण्याआधी ते माप पाहावे. ब्रेकचा बोल्ट ज्या छिद्रातून जातो त्याच्या मध्यापासून रिमच्या ज्या पट्ट्यावर रबर टेकते त्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे रीच. रिम ब्रेकच्या बहुतेक रेसिंग फ्रेम ३९ ते ४९ मिमी रीचच्या कॅलिपरसाठी (रिमला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यासाठी) बनलेल्या असतात. त्यांत शिमानोच्या १०५ आणि अल्टेग्रा या संचांचे अलीकडचे कॅलिपर २८ मिमीपर्यंतच्या टायरसाठी आहेत, आणि तेही फ्रेमने जागा दिली तरच. त्याच्या वरची पायरी ४७ ते ५७ मिमीची, जिला मध्यम रीच म्हणतात. तिच्यात ३२ चे टायर मडगार्डशिवाय नीट बसते आणि २८ चे मडगार्डसह. आपण शोधत आहात ती फ्रेम याच मापाची.

अशी जागा देणाऱ्या कॅलिपर ब्रेकच्या फ्रेम अमेरिकेत मिळतात. सर्लीची पेसर आता बनत नाही, पण वापरलेली अधूनमधून विक्रीला येते. सोमाची ईएस आणि आमच्याच गावातल्या रिव्हेंडेलची रोडिनी याही कॅलिपर ब्रेकच्याच सायकली आहेत. मात्र आपल्या ६४ किलोंना पेसर जरा राठ वाटेल असे मला वाटते, कारण तिच्या नळ्या दणकट वापराच्या हिशेबाने घेतलेल्या आहेत. रिची कंपनीची रोड लॉजिक फार चपळ आहे, पण तिला लहान रीचचे ब्रेक लागतात आणि ३० मिमीच्या पुढे जाता येत नाही.

चपळपणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो फ्रेमच्या वजनापेक्षा नळ्यांच्या जाडीत आणि व्यासात असतो. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये वरची नळी २५.४ मिमी आणि खालची २८.६ मिमी व्यासाची असे, तर नंतरच्या ओव्हरसाइझ फ्रेममध्ये त्या अनुक्रमे २८.६ आणि ३१.८ मिमीच्या झाल्या. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला की नळी बरीच ताठ होते, आणि हलक्या माणसाच्या पायांखाली ती लवतच नाही. सिएटलचे सायकलविषयक लेखक जान हाइने यांनी फक्त नळ्यांच्या जाडीत फरक असलेल्या, एरवी एकसारख्या दिसणाऱ्या सायकली तयार करून घेतल्या आणि कोणती कोणती हे न सांगता त्या चालवायला दिल्या. पातळ नळ्यांची सायकल पायांच्या लयीत लवते आणि जोर वाया जात नाही, हे त्यांचे म्हणणे माझ्या अनुभवाशी जुळते. म्हणून १९८० च्या दशकातल्या जपानी स्पोर्ट-टूरिंग फ्रेमकडे आपण अवश्य पाहावे. टांगे कंपनीच्या नंबर १ नळ्यांची जाडी टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५ मिमी असते, तर नंबर २ ची ०.९ आणि ०.६. त्यांतल्या अनेक फ्रेम २७ इंची चाकांसाठी होत्या. त्या रिमचा व्यास ६३० मिमी आणि आपल्या नेहमीच्या ७००सी चाकांचा ६२२, त्यामुळे आपले चाक घातले की वर आपोआप ४ मिमी जागा वाढते.

गंगापूर रोड, नाशिक

वरच्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण नळ्यांच्या आधी टायर बदलावे असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या मित्राच्या टूरिंग सायकलला पंक्चर होऊ नये म्हणून जाड पट्टा असलेले टायर असणार. तसल्या टायरवर कोणतीही फ्रेम मेल्यासारखीच चालते. मी ६०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर) एकदा जाड टायरवर आणि एकदा पातळ, मऊ कापडाच्या ३२ च्या टायरवर पूर्ण केली आहे. दुसऱ्या वेळी ४० तासांच्या मुदतीतले कितीतरी तास हातात उरले, आणि मुख्य म्हणजे तळवे बधिर झाले नाहीत. आपल्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरे. २५ च्या टायरच्या सवयीने ९० भरली तर रुंद टायरचा काहीच उपयोग होणार नाही.

आता ब्रेकविषयी. ताम्हिणीतून पावसात उतरल्यावर रिमवर जो काळा चिखल साचतो, ती रिमची ॲल्युमिनियम आणि वाळू असते. घरी आल्यावर रबरे काढून उजेडात धरावीत. त्यांत चमकणारे बारीक कण रुतलेले दिसतात, ते सुईच्या टोकाने उपसून काढावेत, नाहीतर पुढच्या उतारावर ते रिम कानशीसारखी घासत राहतात. कूल-स्टॉपची सॅमन रंगाची रबरे ओल्यात चांगली धरतात. रिमवर झीज दाखवणारा बारीक खळगा असेल तर तो पुसट होण्याच्या आत रिम बदलावी.

चिमटा-दुरुस्ती, कोल्हापूर

६५०बीचा विचार सोडावा. त्या रिमचा व्यास ५८४ मिमी, म्हणजे रिम १९ मिमी खाली जाते. आपल्या फ्रेमचा रीच ४७ असेल तर तो ६६ होईल. त्यासाठी टेक्ट्रोचे ५५ ते ७३ मिमी रीचचे कॅलिपर मिळते, पण रेसिंगच्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) इतके जवळ असतात की ३८ चे टायर सहसा घासतेच. इतक्या लांब दांड्यांचे कॅलिपर दाबल्यावर लवतेही.

जुनी फ्रेम घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) जागा बहुधा १२६ मिमी असेल आणि आपली चाके १३० ची आहेत. स्टीलची फ्रेम प्रत्येक बाजूला २ मिमी फाकवता येते, पण ती सरळ राहिली का हे पाहावेच लागते. ब्रेकचा बोल्ट मागून साध्या नटने आवळायचा असेल, तर आजच्या कॅलिपरच्या आत बसणाऱ्या नटसाठी फोर्कच्या माथ्याचे फक्त मागचे छिद्र ८ मिमीचे करून घ्यावे, पुढचे तसेच ठेवावे. शिवाय आपले ११ स्पीडचे लिव्हर केबल जास्त ओढतात. जुन्या ओढीसाठी बनवलेले कॅलिपर त्यांच्यावर लावले की लिव्हर कडक लागते आणि पकड कमी मिळते. शिमानोचे बीआर-आर४५१ हे मध्यम रीचचे कॅलिपर नव्या लिव्हरशी जुळते, म्हणून तेच घ्यावे.

पानशेतवाट, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. भावाने काल एका जपानी फ्रेममध्ये स्वतःचे ७००सी चाक घालून, पट्टी धरून फोटो पाठवले. रीच पुढे ५० आणि मागे ५४ मिमी भरला, आणि टायर येते त्या ठिकाणी चेनस्टेच्या आतले अंतर ४४ मिमी आहे, म्हणजे ३२ च्या टायरला दोन्ही बाजूंना ६ मिमी मोकळे राहतील. नळीवरचा कागद अर्धा खरवडला आहे, पण टांगे आणि १ हा आकडा वाचता येतो. ती फ्रेम घ्यायचे ठरवले आहे. पावसाळ्यात मडगार्ड लावून २८ चे टायर वापरेन आणि एरवी ३२ चे. कॅलिपर आर४५१ च मागवले आहे.

एवढेच विचारायचे राहिले की १२६ ची फ्रेम १३० करून घेतल्यावर ती सरळ आहे का, हे घरी कसे तपासावे?

चिमटा-दुरुस्ती, कोल्हापूर

बारीक मजबूत दोरा घ्यावा. तो मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) बांधून पुढे हेड ट्यूबभोवती (हँडलखालच्या नळीभोवती) फिरवून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणावा. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सारखे भरले तर फ्रेम सरळ आहे. १ मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल, तर ज्या बाजूला अंतर कमी भरते ती बाजू थोडी बाहेर आणि दुसरी तितकीच आत घ्यावी, आणि दर वेळी दोरा पुन्हा लावून पाहावे.