मदत हवी आहे: सीएनसीच्या कूलंटसाठी केलेलं सेन्सर पॅनेल गुऱ्हाळात बसवायचंय

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं कंट्रोल पॅनेलचं छोटं वर्कशॉप आहे. धागा जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

आमच्याकडं बहुतेक मशीन शॉपमध्ये बीडाची कास्टिंग येतात. कूलंटमध्ये, म्हणजे सीएनसी मशीनवर धातू कापताना गारव्यासाठी सोडतात त्या तेल-पाण्यात, तेलाचं प्रमाण ६ ते ८ टक्के ठेवायचं असतं. पाणी उडून पातळी उतरते, ऑपरेटर बादलीनं साधं पाणी ओततो, आणि हळूहळू प्रमाण पार खाली येतं. मग सोमवारी सकाळी मशीन सुरू केलं की वास, आणि जॉबवर गंज. म्हणून मी एक पॅनेल केलं. ते टाकीची पातळी बघतं आणि कमी पडेल तेवढं पाणी व तेल ठरलेल्या प्रमाणात सोडतं. पाण्याच्या लाईनला पल्स देणारं मीटर, तेलाला डोसिंग पंप (मोजून थोडं थोडं सोडणारा), वर छोटा पीएलसी (हे सगळं चालवणारा कंट्रोलर). पहिल्यांदा फ्लोट स्विच लावला होता. फ्लोटमध्ये लोहचुंबक असतो, त्याला बीडाची बुकणी चिकटून तो आठवड्यात जाम झाला. मग वरून आवाजाच्या लहरींनी पातळी बघणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, तो आजही चालतोय.

आता मूळ प्रश्न. पन्हाळा रस्त्याला माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे. जुने गुळव्या (गूळ शिजवणारे कारागीर) वयोमानानं थांबले, नवीन माणसाचा हात अजून बसलेला नाही. गेल्या हंगामात रस साफ करायला घालतात त्या चुन्याच्या निवळीचा अंदाज चुकून काही आधणं (एका वेळी शिजवलेला गूळ) काळपट झाली. शाहू मार्केट यार्डात सौद्याला रंगावरच दर ठरतो, त्यामुळं मामांना फटका बसला. मला म्हणाले, "तुझा डबा तेल मोजतोय, तर चुना मोजायला काय हरकत हाय?"

मलाही ते पटलं. रसाचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितका रस आंबट) ५.३ च्या आसपास असतो, निवळी घालून तो साधारण ६.२ पर्यंत आणायचा. तेच पॅनेल नेलं, पीएचचं प्रोब पाइपात घालून थेट काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) सोडलं आणि निवळीला डोसिंग पंप जोडला. पहिलं आधण झकास. दुसऱ्याला आकडा ५.६ वर अडकला, पंप निवळी सोडतच राहिला आणि गूळ काळा पडला. प्रोब काढून बघितलं तर काचेच्या टोकावर मळी आणि साखरेचा चिवट थर, नखानंसुद्धा निघेना. अल्ट्रासॉनिकला वाफ आणि फेसापुढं काहिलीतली पातळीच दिसेना. तापमानाला जाड नळीत पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) घातला होता. गुळव्यानं पाकाची गोळी बघून काहील उतरवायला सांगितली तेव्हा माझ्या पडद्यावर ११२ होतं, मी ११८ ची वाट बघत बसलेलो. मामा म्हणाले, "आरं, आधण काय थांबून राहतंय व्हय तुझ्या डब्यासाठी?"

ते वाक्य डोक्यातनं जाईना. कूलंटला तेल जास्त झालं तर पाणी सोडून प्रमाण परत खाली आणता येतं. इथं चुना जास्त पडला तर ते आधण गेलंच. मामांचं आणखी नुकसान मला होऊ द्यायचं नाही. तेव्हा विचारतोय:

पीएच नक्की कुठं मोजावा? तापमानाचा आकडा मागं का राहिला? आणि कूलंटच्या पॅनेलमधलं इथं काय ठेवावं, काय टाकून द्यावं?

प्रतिसाद, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो

भावा, काहिलीत प्रोब घालू नकोस. उकळता रस, मळी आणि काच यांचं जमत नाही. निवळी थंड रसाच्या टाकीतच दे, चांगलं ढवळ आणि तिथंच मोज. चुना विरघळून आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून पंप सलग चालवायचा नाही. थोडा डोस, थांबायचं, मोजायचं, मग पुढचा डोस. तुझं कूलंटचं लॉजिक सलग सोडणारं आहे, घोटाळा तिथंच झाला. शिवाय एका आधणाला जास्तीत जास्त किती निवळी जाईल याची मर्यादा पीएलसीत घाल. प्रोब बिघडला तरी पंप तिथं थांबेल.

रोज काम संपल्यावर प्रोब स्वच्छ पाण्यानं धू आणि पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेव, कोरडं पडू देऊ नकोस. ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असतो अशा द्रावणात) तपासल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही.

तापमानाचं सांगतो. तासन् तास पाणी उडत असतं तोवर आकडा शंभरच्या आगंमागंच असतो. शेवटी पाक घट्ट झाला की तो झपाट्यानं चढतो. जाड नळीतला पीटी-१०० तेवढ्या वेगानं धावत नाही. कूलंटला अर्धा मिनिट उशीर चालतो, इथं नाही. पातळ भिंतीची नळी घे, आत उष्णता वाहून नेणारी पेस्ट भर. आणखी एक, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी ९८ ला उकळतं. पुस्तकातलं ११८ जसंच्या तसं घेऊ नकोस. आधी उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून बघ आणि त्याच्यापेक्षा किती अंश वर काहील उतरवायची ते ठरव.

प्रतिसाद, डेअरीत मेंटेनन्सला आहे

आमच्याकडं सीआयपीला (यंत्रं न उघडता आतून धुताना) कॉस्टिक सोड्याचं प्रमाण कंडक्टिव्हिटीवर, म्हणजे द्रावण वीज किती वाहतं त्यावर बघतात. तुम्ही तो मार्ग रसातल्या साखरेसाठी धरू नका, साखर वीज वाहून नेत नाही. कॉस्टिकलासुद्धा तापमान एक अंश वाढलं की कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्क्यांनी चढते, म्हणून तापमानाची भरपाई लावावीच लागते. आणि रसाला लागणारा प्रत्येक भाग ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचा, उघडून धुता येईल असा घ्या. कूलंटला वापरलेला पंप आणि नळ्या खायच्या मालाला अजिबात लावू नका.

प्रतिसाद, आमचंही गुऱ्हाळ आहे

ऊस बदलला की रस बदलतो. खोडव्याचा, पडलेल्या उसाचा, दोन दिवस शिळा, सगळ्यांना एकच आकडा चालत नाही. गुळव्याला बाजूला ठेवून हे जमणार नाही. त्याच्या हाताशी आकडा बरोबर की चूक ते दाखवणारा दिवा द्या, निवळी त्यालाच सोडू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल जाऊन थंड टाकीवर करून बघितलं. पंप बंदच ठेवला, फक्त आकडा आणि हिरवा-लाल दिवा. गुळव्यांनी निवळी हातानं घातली. पाच आधणांत आकडा ६.१ ते ६.३ मध्ये राहिला, रंग मामांना पसंत पडला. उकळत्या पाण्यात माझा पीटी-१०० ९७.६ दाखवत होता. पातळ नळी लेथवर करून घेतोय. मर्यादा पीएलसीत घातली आहे, पण पंप या हंगामात जोडणार नाही. डोसिंगचा पंप आणि नळ्या नवीनच घेणार.

कूलंटच्या त्या पॅनेलमधलं आता २४ व्होल्टचा सप्लाय, पीएलसी आणि पेटी एवढंच उरलंय. एक प्रश्न राहिला: चुलवाणाच्या धगीजवळ पेटी किती लांब ठेवावी? काल झाकणाला हात लावून बघितला, चटका बसला.