मंगळागौरही आरपीजीच? बरं, मग ऐका

कैरीचं_पन्हं:
परवा इथल्याच एका सद्गृहस्थांनी 'ब्लू रिफ्लेक्शन: सेकंड लाइट' या जपानी आरपीजीला, म्हणजे पात्रं घडवत लढायच्या व्हिडिओ गेमला, झोपेची गोळी ठरवलं. पोरी शाळेत स्वयंपाक करतात, हातात हात घालून हिंडतात, एकमेकींची दुःखं ऐकतात आणि चवीपुरती लढाई करतात. वर शेवटी शेरा: "याला आरपीजी म्हणायचं तर मंगळागौरही आरपीजीच." दोन दिवस गप्प बसले. आज सुट्टी आहे.

पहिलं म्हणजे तुम्ही मंगळागौर जागवलेली नाही. पहाटे तीनला सलग पाचवी फुगडी घालून बघा, मग दमाच्या गोष्टी करा.

दुसरं, लढाई. तिघी मैदानात, चौथी पाठिंब्याला. इथर, म्हणजे वार करायला लागणारी शक्ती, भरत राहतो आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. घाईने छोटे वार करायचे की दम धरून मोठा, हे तुम्हीच ठरवायचं. वार करत गेलं की गिअर चढतो आणि तिसऱ्यावर पोचलं की मुलगी रिफ्लेक्टरचं, म्हणजे जादूच्या योद्धीचं, रूप घेते. तुम्ही ईझीवर एकच बटण दाबत बसलात तर त्यात गेम बनवणाऱ्या गस्टवाल्यांचा काय दोष?

तिसरं, ते हिंडणं. डेटवर गेलं की टॅलेंट पॉइंट मिळतात, त्यांतून टॅलेंट, टॅलेंटमुळे बनवलेल्या वस्तू सुधारतात आणि त्या लढाईत कामी येतात. म्हणजे तुम्हाला टाइमपास वाटलेलं तेच गेमचं इंजिन आहे.

भुसावळ_लोको:
तो सद्गृहस्थ मीच, नमस्कार. ईझी नाही, नॉर्मल. आणि झोप लढाईत लागली नाही, याद्यांनी लागली. हिला हे बनवून हवं, तिला ते बांधून हवं, त्यासाठी सामान आणायला परत हार्टस्केप नावाच्या त्या लढाईच्या जगात जा. दिवसभर ऑफिसात लोकांच्या मागण्या पुरवून आल्यावर रात्री आणखी दहाजणींची वाणसामानाची यादी हातात? हेच काम घरी फुकटात करतो मी. इतकं ग्रेट प्रकरण होतं तर 2023 ला आणलेला याच गेममालिकेतला फोनवरचा 'सन' 2024 ला का गुंडाळला?

कैरीचं_पन्हं:
'सन' जपानातच होता, तुम्ही खेळलेला नाहीत आणि मीही नाही. एका गेमचं मयत दुसऱ्याच्या दारात कशाला आणता?
वाणसामान घरी फुकटात करता हे वाचून बरं वाटलं. वहिनींना विचारून खात्री करते.

भुसावळ_लोको:
वहिनींना मध्ये आणायचं नाही.

अंबानगरीकर:
भांडणात पडत नाही, पण मागच्या धाग्यात सगळेजण असल्या शांत गेमला 'कोझी' लिहीत होते ते डोळ्यांत खुपतंय. मराठी मेली का? तिथेच कोणीतरी 'उबदार गेम' लिहिलं होतं, तेही चूक. अमरावतीत मे महिन्यात कोणाला ऊब द्या, तो तुमच्यावर कूलर फेकेल. आपल्याकडे सुख गारव्यात असतं. माठ, वाळ्याचे पडदे, दुपारी अंधार केलेली खोली. ऊब हवीहवीशी वाटणं ही थंड मुलखाची गरज.

आणि या गेममध्ये तर न संपणारा उन्हाळाच आहे! चहूबाजूंनी पाणी, मधोमध शाळा, नायिका आओला सगळं आठवतंय आणि तिथे आधीपासून असलेल्या तिघींना काहीच नाही. दुपारच्या गॅलरीत वाऱ्याची झुळूक यावी असं वाटतं ते. 'गारव्याचा गेम' म्हणा.

शनिवारवाडा_मागे:
पुण्यात डिसेंबरात सकाळी सहाला दुधाची रांग लावा, मग ऊब कशी हवीशी वाटते ते कळेल. 'निवांत' हा सरळ शब्द असताना गारवाबिरवा कशाला? आणि या रूप बदलून लढणाऱ्या 'मॅजिकल गर्ल'ला तुम्ही काय म्हणणार, मायाकन्या? चेटकीण तर नको म्हणा.

अंबानगरीकर:
पुण्याच्या बाहेरही महाराष्ट्र आहे आणि तिथे कूलरला पाणी भरावं लागतं. 'निवांत' ही माणसाची अवस्था आहे, जागेची नाही. मी निवांत असतो, माझी खोली गार असते.

शनिवारवाडा_मागे:
'निवांत जागा' असं अख्खी मराठी म्हणते. तुम्ही सोडून.

मेथीदाणा:
जपानी लोक यालाच 'इयाशी' म्हणतात, म्हणजे मनावरची जखम भरून येणं. त्यात ना ऊब, ना गारवा. आता भांडा.

अंबानगरीकर:
मग 'फुंकर' म्हणा! भाजल्यावर आई घालते ती. फुंकर गारच असते, हे नोंदवून ठेवतो.

शनिवारवाडा_मागे:
फुंकर चालेल. गारवा मान्य नाही.

सातवा_गडी:
शब्दांचं होऊ दे तुमचं, मी माझं सांगते. सांगलीला आठ वर्षं खो-खो खेळले. 2019 ला खांबाशी वळताना डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण परत मैदान नाही. 2017 चा पहिला 'ब्लू रिफ्लेक्शन' भावाने आणून दिला, तोही चुकून, कव्हरवर निळा रंग छान दिसला म्हणून. त्यातली हिनाको बॅले करणारी आणि पाय गेलेली. रिफ्लेक्टर झाली की त्या दुसऱ्या जगात तिला पुन्हा हवं तसं हलता येतं. मी पहिल्या लढाईनंतर कंट्रोलर खाली ठेवला आणि गुडघा धरून बसले. झोपेची गोळी असेलही. मला त्या महिन्यात गोळीशिवाय झोप लागत नव्हती, ती लागायला लागली.

'सेकंड लाइट'मध्ये हिनाको भेटते तेव्हा मी एकटीच घरात "ए, आली!" म्हणून ओरडले. आई स्वयंपाकघरातून विचारते, कोण आलं गं?

भुसावळ_लोको:
ताई, यावर मी काही बोलत नाही.

रविवारचा_बाप:
सगळे भावुक झालाय तर एक कडू घोट देतो. त्याच पहिल्या गेममध्ये पावसात भिजलेले युनिफॉर्म आणि आंघोळीचे प्रसंग आहेत, कॅमेरा कुठे कुठे रेंगाळतो तेही आहे. 'शाळकरी मुलींचा गोड गेम' समजून बारा वर्षांच्या लेकीला लावून दिला आणि पंधरा मिनिटांत "चार्जिंग संपलं" असं खोटं बोलून बंद केला. तो प्लेस्टेशन होता, चार्जिंगचा संबंधच नव्हता, हे तिला कळलं ते वेगळंच. मैत्रीची, जखमेची गोष्ट सांगायची तर डोळे चेहऱ्यावर ठेवा ना!

कैरीचं_पन्हं:
हे मान्य. मला वकिली करायची आहे ती 'सेकंड लाइट'ची, तिथे बरंच आवरतं घेतलंय. पूर्ण नाही.

रविवारचा_बाप:
"पूर्ण नाही" हे वाचलं. धन्यवाद, डीव्हीडी कपाटातच राहू दे.

शनिवारवाडा_मागे:
प्लेस्टेशन 4 ला ब्लू-रे असते.

रविवारचा_बाप:
तुमच्याकडे पुण्यात असेल.

मेथीदाणा:
माझी तक्रार वेगळी. 'सेकंड लाइट'मध्ये उता शाळेत उगवते तेव्हा याच कथेच्या 'रे' या ॲनिमे मालिकेचे 24 भाग न पाहिलेल्याला ती नुसती हसरी पोरगी वाटते. आम्ही मात्र ती मालिकेत काय चीज होती हे आठवून पाय पोटाशी घेतो. दोघांनी एकच प्रसंग बघायचा, एक हसतोय, एक घाबरलाय. हे गस्टने मुद्दाम केलं असेल तर मानलं पाहिजे.

भुसावळ_लोको:
मी 'रे' पाहिलेली नाही आणि 24 भाग बघणारही नाही, तो गृहपाठ झाला. पण बाईंनी नॉर्मलवरून टोमणा मारला म्हणून काल रात्री हार्डवर नव्याने सुरू केला. इथरचं म्हणाल तर हो, घाई केली की मार बसतो. एवढंच मान्य. याद्यांबद्दल शब्द मागे घेत नाही.

कैरीचं_पन्हं:
टोमणा ईझीवरून होता. मग? कितपत पोचलात?

भुसावळ_लोको:
दोनदा मेलो. रात्रीचे दीड वाजले होते, झोप काही आली नाही.