सोयरीक जमवायच्या आधी डिटेक्टिव्ह लावावा का, अन् त्याचं लायसन कुठं बघायचं?

गोदाकाठ_परभणी: ताईसाठी नांदेडकडचं स्थळ आलंय. मुलगा हिंजवडीत आयटीत, गावाकडं १२ एकर बागायती सांगायलेत. सगळं चांगलंय पण लग्नाची घाई फार, अन् पहिलं लग्न झालेलं होतं असं कुणीतरी बोललं, मध्यस्थाला विचारलं तर विषयच बदलतो. संभाजीनगरच्या एका एजन्सीला फोन लावला तर म्हणायलेत आम्ही सरकारमान्य, सहा महिन्याचे कॉल रेकॉर्ड काढून देतो, व्हॉट्सअ‍ॅप पण बघून देतो, अर्धे पैसे आधी रोख. दादा म्हणतो देऊन टाकू. मला भीती वाटायलीय, उद्या आपणच अडकलो तर? यांना लायसन असतं का?

लातूर_कोर्ट: भाऊ, रोख अजिबात देऊ नका. आपल्या देशात प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं वेगळं लायसनच नाही. 2007 ला राज्यसभेत त्यासाठी बिल आलं होतं, कायदा काही झाला नाही. 2005 चा पसारा कायदा आहे तो सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीसाठी, बरेच जण तेच सर्टिफिकेट फ्रेम करून लावतात अन् सरकारमान्य म्हणतात. यांच्याकडं खरं काय असतं तर गुमास्ता, जीएसटी, कंपनी असली तर तिची नोंदणी, बस. त्यामुळं लायसन शोधण्यापेक्षा तो माणूस काय करून देतो म्हणतोय ते बघा. शेजारी, ऑफिस, गाव इथं तोंडी चौकशी केली तर चालतं. पण कॉल रेकॉर्ड कंपनी फक्त पोलिसांसारख्या तपास यंत्रणेला नाहीतर कोर्टाच्या आदेशावर देते, तुमच्या हातात आलं म्हणजे ते चोरूनच आलं. 2018 ला ठाणे पोलिसांनी ह्याच सीडीआर म्हणजे कॉल रेकॉर्ड विकण्याच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह लोकांना अटक केली होती. दुसऱ्याचा फोन, व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या परवानगीशिवाय चोरून उघडणं हा आयटी कायद्याच्या कलम 66 चा गुन्हा, तीन वर्षापर्यंत शिक्षा नाहीतर पाच लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, अन् पैसे देऊन काम सांगणारा पण त्यात ओढला जातो. तुमच्या दादाला हे नीट समजून सांगा.

बीडची_ताई: वकील साहेब बरोबर म्हणायलेत. माझी पोटगीची केस चालू होती तेव्हा मलाही नवऱ्याचा पगार काढायला डिटेक्टिव्ह लाव म्हणणारे लई भेटले. पण 2020 ला सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा मध्ये सांगितलंय की पोटगीच्या केसला दोघांनीही कमाई अन् मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, मग कशाला पैसे घालवायचे, कोर्टातूनच मागितलं मी. अन् फोटो-व्हिडिओ कोर्टात द्यायचे असले तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या (2023) कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, ते देतो का हे आधीच विचारा. तुझ्या ताईचं तर अजून काहीच झालेलं नाही रे, तिला तरी विचारलंत का तुम्ही दोघं भाऊ?

सातबारा_उमरी: १२ एकर म्हणले ना? महाभूलेख या सरकारी जमीन नोंदीच्या साइटवर गाव टाकून नावानं सातबारा बघा, फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयात. बागायत का जिरायत कळेल, इतर हक्कात सोसायटीचा, बँकेचा बोजा पण दिसतो, अन् सामाईक क्षेत्र असलं तर १२ एकरात चार भावांची नावं निघतात, आमच्याकडं हे कायमचंय. ई-कोर्ट्स या कोर्टाच्या साइटवर मुलाचं नाव अन् वर्ष टाकून नांदेड, पुणे दोन्हीकडच्या केसेस बघा.

गोदाकाठ_परभणी: ताईशी बोललो आज. ती म्हणाली पहिल्या लग्नाचं मी स्वतः त्याला विचारते, घटस्फोट झाला असला तर डिक्रीची म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कॉपी मागते. सर, यावरून ते चिडले तर?

लातूर_कोर्ट: चिडू द्या. डिक्री नसली तर पहिलं लग्न कायद्यानं चालूच असतं, अन् मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम 11 नं ताईचं लग्न रद्दबातल. नुसती झेरॉक्स घेऊ नका, कोर्टाची सर्टिफाईड कॉपी मागा, केस नंबर त्याच्यावरच असतो, तो ई-कोर्ट्सवर टाकून जुळवून बघा. साखरपुड्याची तारीख त्याच्यानंतरच धरा.