मदत हवी आहे: मानापमानातलं पद रेकॉर्डिंगमध्ये बेसूर का वाटतंय?

हौशी_धैर्यधर
नमस्कार मंडळी. रविवारी एका कार्यक्रमात 'संगीत मानापमान' नाटकातलं, नायक धैर्यधराचं पद म्हणायचंय. सरावासाठी त्या मानवंदनेच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण लावून बसतो. बाकीची पदं ठणठणीत, पण हे एक लागलं की काहीतरी बिनसतं. शब्द तेच, वळणंही बरीचशी ओळखीची, मधले सूर मात्र भलतीकडेच. माझ्यासोबत पेटीवर बसणारे काका म्हणतात, गायक उतरलाय. एवढा तयारीचा माणूस पदभर उतरून गाईल हे मला पटत नाही. रेकॉर्डिंगमध्येच दोष असणार. तो दुरुस्त करता येतो का? की चांगली प्रत दुसरीकडे मिळेल? लवकर सांगा, वेळ नाहीये. 'भरपूर ऐका म्हणजे कळेल' छापाची उत्तरं नकोत.

विंगेतून
कोणतं पद? धैर्यधराला काय एकच पद आहे? 'युवती मना', 'चंद्रिका ही जणू', 'रवि मी', 'माता दिसली'... आणि कार्यक्रम कुठला, मानवंदना कोणाला?

ध्वनीवेडा
हा प्रकार मला चांगला माहीत आहे. सेकंदाला 24 चित्रांनी घेतलेलं चित्रीकरण 25 ने वाजवलं की वेग चार टक्क्यांहून किंचित जास्त वाढतो आणि सूर चढतात. तेही पूर्ण अर्धा स्वर नाही, त्याहून थोडे कमी. म्हणून गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतं. फाइल माझ्याकडे पाठवा, वेग कमी करून देतो. पाच मिनिटांचं काम.

पायपेटी
ध्वनीवेडा, वेग बिघडला तर सगळा कार्यक्रम चढेल, षड्जासकट. एकाच पदाचे मधले सूर कसे बिघडतील? हौशी, एक करा. त्या पदात साथीला ऑर्गन असेलच. ऑर्गन आणि गायक एकमेकांना धरून आहेत का, तेवढं ऐका. असतील तर रेकॉर्डिंगही ठीक आणि गायकही ठीक.

तिसरी_घंटा
'नमन नटवरा' नांदीने सुरू होतो तोच कार्यक्रम ना? पाहिलाय मी. गाणी छान, पण चित्रीकरण करणाऱ्यांना कोणीतरी आवरा हो! गायक तान घेऊन समेवर येतोय आणि कॅमेरा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर. ऑर्गनवाल्याचे हात अख्ख्या कार्यक्रमात एकदाही दिसले नाहीत. वन्स मोअर तर सगळे कापलेत. नाट्यपदांच्या कार्यक्रमातून वन्स मोअर काढल्यावर राहिलं काय?

विंगेतून
+१. आणि ठेका धरून टाळ्या वाजवणारे प्रेक्षक! नाट्यपदाला टाळ्या शेवटी द्यायच्या असतात, तबलजीशी स्पर्धा करायची नसते.

तिसरी_घंटा
टाळ्यांचं मला काही वाटत नाही बुवा. नव्या पोरांना ठेका धरावासा वाटतोय हेच खूप झालं.

ज्येष्ठमध
रविवारपर्यंत रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळणे. दही, लोणचं बंद. पद कोणतंही असो, आवाज मोकळा लागतो. अनुभवाचे बोल.

हौशी_धैर्यधर
आवाज मोकळाच आहे, धन्यवाद. पद 'प्रेमसेवा शरण'. मला वाटलं सांगायची गरज नाही. आणि हो, 'नमन नटवरा'वालाच कार्यक्रम. पायपेटी म्हणतात तसं ऐकलं. ऑर्गन गायकाबरोबरच चाललाय. म्हणजे ऑर्गनही बिघडलेला? आमच्या पेटीवर काळी एक धरली की षड्ज जुळतो, पंचमही जुळतो. गंधार जवळजवळ जुळतो, जरा खाली वाटतो. बाकी काहीच नाही.

मूळ_चाल
तुम्ही कोणत्या रागात शिकलात?

हौशी_धैर्यधर
भीमपलास. नाटकाचे संगीतकार गोविंदराव टेंब्यांची मूळ चाल. पण रेकॉर्डिंगच्या दोषाशी त्याचा काय संबंध?

पायपेटी
मानवंदना कोणाला होती, हा वरचा प्रश्न अजून लोंबकळतोय.

हौशी_धैर्यधर
मास्टर दीनानाथ मंगेशकरांना. लिहिलं नव्हतं का वर?

पायपेटी
नाही हो! हे पहिल्याच ओळीत आलं असतं तर ध्वनीवेड्याची पाच मिनिटं आणि आमचा दिवस वाचला असता. दीनानाथांचं 'प्रेमसेवा शरण' मुलतानीत आहे. त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात गायक त्यांचीच चाल गाणार ना.

आता तुम्हाला ओळखीचं का वाटलं ते सांगतो. दोन्ही रागांत आरोहात रिषभ-धैवत गाळतात. नि सा ग म प नि सां, सांगाडा एकच. दोन्हींत गंधार कोमल. पण भीमपलासात मध्यम शुद्ध आणि निषाद कोमल, तर मुलतानीत मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. उतरताना भीमपलासात रिषभ-धैवत शुद्ध लागतात, मुलतानीत दोन्ही कोमल. म्हणून तुमचे सा आणि प जुळले आणि बाकी सगळं निसटलं. गंधार खाली वाटला तेही बरोबर. मुलतानीचा गंधार कोमलहूनही उतरता ठेवतात, मध्यमाला स्पर्श करून झुलवतात. तो पेटीच्या पट्टीत सापडत नाही. काकांचं 'उतरलाय' तिथूनच आलं असणार.

मूळ_चाल
म्हणूनच मी म्हणतो, मूळ चाली सोडू नयेत. 1911 साली टेंब्यांनी अख्ख्या नाटकाच्या चाली विचार करून बांधल्या. कोणत्या प्रवेशात कोणता राग, याला काही अर्थ होता. गायकाने आपल्या गळ्याला सोयीचं म्हणून राग बदलला की नाटक मागे पडतं आणि मैफल सुरू होते.

पायपेटी
मुलतानी गळ्याला सोयीचा? तो तीव्र मध्यम आणि कोमल रिषभ एका दमात लावून बघा, मग बोलू. बरं, टेंब्यांनी तरी काय केलं? उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांची वळणं उचलून मराठी पदांना दिली. जुन्या छापील संहितांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचे शब्द असायचे. तेव्हा कोणी सोवळं पाळलं नाही.

मूळ_चाल
उचलून नाटकात बसवणं वेगळं आणि बसलेलं उपटणं वेगळं.

विंगेतून
1921 च्या, दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांची नायिका भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर होता. लोक आले ते एका रंगमंचावर दोन गळे ऐकायला. टिळक स्वराज्य फंडाला पैसा मिळाला तो या दोघांच्या नावावर, चालीची शुद्धता तपासायला नाही. मग दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी या आपल्या नाटक कंपनीत आपल्या रंगाचा धैर्यधर उभा केला, तर बिघडलं काय?

ध्वनीवेडा
तरी एकदा वेग तपासायला हरकत नाही. फाइल पाठवा.

तबकडी
मला दोन्ही चाली आवडतात, पण एक सांगू? जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. नाटकात खुलवून गायचं पद त्यात आवळून बसवलेलं असे. त्यामुळे आजचा गायक मानवंदनेत तेच पद वाढवून गातो, तेव्हा मधला विस्तार बराचसा त्याचा स्वतःचा असतो. हौशी, तुम्ही कार्यक्रमातल्या ताना जशाच्या तशा उचलत असाल तर जपून.

हौशी_धैर्यधर
उचलल्यात ना! चाल शिकवल्याप्रमाणे, ताना चित्रीकरणातून. सरावात जिथे अडखळत होतो त्या सगळ्या जागा त्याच निघाल्या. आता रविवारपर्यंत मुलतानी होईल का?

मूळ_चाल
होणार नाही. भीमपलास म्हणा. इतकी वर्षं टिकलेली चाल आहे, तुमच्या रविवारीही टिकेल.

पायपेटी
या एका बाबतीत माझं आणि मूळ_चाल यांचं एकमत. मुलतानी रविवारनंतर निवांत शिका. तोवर त्या ताना काढून टाका. तीव्र मध्यमाची एक जरी चुकून भीमपलासात शिरली तर पेटीवाले काका तिथेच थांबतील. त्याऐवजी शब्द धरून दोन लहान बोल-ताना घ्या आणि मुखडा पकडून समेवर या. धैर्यधर सेनापती आहे, शब्द ठाशीव आले पाहिजेत. तानपुरा पंचमावर आहे तसाच ठेवा.

हौशी_धैर्यधर
ठीक, भीमपलास. काकांना मुलतानीचं कसं सांगायचं ते बघतो, ते गेला आठवडाभर त्या गायकाच्या नावाने बोटं मोडतायत.

ज्येष्ठमध
काकांनाही दही बंद.

तिसरी_घंटा
प्रश्न सुटला असेल तर माझंही एक बघा. वन्स मोअर न कापलेलं चित्रीकरण कोणाकडे आहे का? 'युवती मना'ला त्या दिवशी वन्स मोअर मिळाला होता, हे सभागृहात असलेल्यांकडून ऐकलंय. चित्रीकरणात मात्र पद संपतं आणि थेट निवेदिकाच उभी राहते.