मदत हवी आहे: व्हर्साय ते हिटलर, मधली कडी कुठली?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात बोलायची पाळी माझी. विषय मीच हौसेने सुचवला: पहिल्या महायुद्धातून दुसरं कसं निघालं. श्रोते मोजकेच, पण त्यात इतिहासाच्या एक निवृत्त बाई आहेत आणि "कशावरून?" असं विचारल्याशिवाय त्या कुणाला खाली बसू देत नाहीत. म्हणून आधी इथे विचारतोय.

शाळेत घोकलेलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. १९१९ चा व्हर्सायचा तह अपमानकारक होता, जर्मनीवर अवाच्या सवा नुकसानभरपाई लादली, चलन कोसळलं, लोक चिडले, हिटलर आला. पाच गुणांना पुरतं.

पण तारखा लावायला बसलो की गाडी अडते. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. हिटलरने म्युनिकमध्ये उठाव केला तो त्याच महिन्यात, आणि तो फसला. मग नवं चलन आलं, १९२४ च्या डॉस योजनेने हप्ते आवाक्यात आणले, अमेरिकन कर्ज येऊ लागलं. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं किती? २.६ टक्के. जागा १२. तहाला नऊ वर्षं होत आली होती, तरी जर्मन मतदार या माणसाला हिंग लावून विचारत नव्हता. आणि जुलै १९३२ मध्ये तोच पक्ष ३७ टक्के मतं आणि २३० जागा घेऊन संसदेत पहिला!

तहाचाच राग होता, तर मधली वर्षं तो कुठे होता? आणि मंदीमुळे म्हणावं, तर मंदी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही होती. तिथे हुकूमशहा का नाही आला? शिवाय नुकसानभरपाईचा तो १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा (म्हणजे सोन्याच्या मोलाच्या मार्कांचा) आकडा सगळीकडे दिसतो, तो खरोखर वसूल करायचा होता का?

पुस्तकांची यादी नको, मुद्दे हवेत. "गुगल करा" म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

– पाऊणतास

घाटवळण:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. १९२१ मध्ये ठरलेल्या १३२ अब्जांचे तीन वर्ग होते. पहिल्या दोन वर्गांचे रोखे मिळून ५० अब्जांचे, ते खरे देणे. उरलेले ८२ अब्ज 'क' वर्गात, आणि ते कधी हाती येतील असं जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या जाणकारांनाही वाटत नव्हतं. आपापल्या मतदारांना दाखवायला आकडा मोठा ठेवला, एवढंच. फ्रान्सवर १८७१ च्या पराभवानंतर जर्मनीनेही ५ अब्ज फ्रँक लादले होते आणि फ्रान्सने ते १८७३ पर्यंत फेडूनही टाकले, हे बाईंना नक्की सांगा.

चलन कोसळण्याचं पापही सगळं तहाच्या माथी मारू नका. युद्धाचा खर्च जर्मनीने कर वाढवून नाही, कर्ज काढून भागवला. जिंकल्यावर हरलेल्यांकडून वसूल करू, हा हिशेब. पुढे जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रूरचा कोळशाचा पट्टा ताब्यात घेतला, तेव्हा सरकारने कामगारांना संप करायला सांगितलं आणि घरी बसलेल्यांचे पगार नोटा छापून दिले. तिथे तळ सुटला.

आणि गंमत म्हणजे १९३२ च्या लोझान परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ निकालात निघाली होती. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला त्यानंतर, ३० जानेवारी १९३३ ला.

शाईची दौत:
पैशाचं ठीक आहे, पण राग पैशाचा नव्हताच. सप्टेंबर १९१८ पासून सुरू करा. २९ तारखेला सेनापती लुडेनडॉर्फनेच सरकारला सांगितलं की आता युद्धबंदी मागा, सैन्य टिकत नाही. मग सही करायला पुढे कोण? सेनापती नाहीत. ११ नोव्हेंबरला काँपियेनच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात सही केली ती एर्झबर्गर या राजकारण्याने.

त्या दिवशी जर्मन फौजा अजून फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर होत्या. बर्लिनकरांनी शत्रूचा एक शिपाई पाहिला नव्हता. डिसेंबरात सैन्य परतलं, तर नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनी त्यांचं स्वागत करताना कुठल्याही शत्रूने तुम्हाला हरवलेलं नाही, असंच सांगितलं. वर्षभराने युद्धातला सरसेनापती हिंडेनबुर्गने संसदीय समितीपुढे साक्ष दिली की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. ज्यांनी युद्ध हरलं ते नामानिराळे, आणि ज्याने सही केली त्या एर्झबर्गरचा १९२१ मध्ये खून. तह सौम्य असता तरी ही कथा रचली गेलीच असती, असं माझं मत.

पाऊणतास:
वा, भरपूर मिळालं. पण १९२८ ते १९३२ चं कोडं अजून उरलंच.

घाटवळण:
राग होताच, पण पोट भरलेलं असताना त्यावर मत देणारे थोडे. मंदीत अमेरिकन कर्जं परत मागितली गेली, बेकार ६० लाखांवर गेले, आणि नेमक्या त्याच वेळी चॅन्सेलर ब्र्यूनिंगने वटहुकमांच्या जोरावर पगार कापले. ब्रिटनमध्ये लोकशाही मुरलेली होती. जर्मनीत ती चौदा वर्षांची, आणि सैन्य, न्यायाधीश, जमीनदार यांना ती नकोच होती. म्युनिकच्या उठावाबद्दल हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि तो वर्षाच्या आत बाहेर आला, यावरूनच ओळखा.

आणखी एक. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींच्या जागा २३० वरून १९६ वर आल्या होत्या. उतरती कळा लागली असताना माजी चॅन्सेलर पापेनने आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या हिंडेनबुर्गला गळ घातली की याला चॅन्सेलर करा, आम्ही आवरतो. हिटलर धरून मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन. आवरणारे कोण आणि आवरला गेलेला कोण, ते सहा महिन्यांत कळलं.

वळिवडेकर:
कारणांत परिणाम विसरू नका. २३ ऑगस्ट १९३९ च्या करारात हिटलर आणि स्टालिनने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडून रशियाने लाखो पोलिश लोक सायबेरिया-कझाकस्तानात हाकलले. त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. कट्ट्यावर कुणी जुनं कोल्हापूरकर असेल तर पुढचं तेच बोलतील, तुमची पाऊण तासाची काळजी मिटेल.

पाऊणतास:
सगळ्यांचे आभार. सुरुवात २९ सप्टेंबर १९१८ पासून करतो, १३२ अब्ज एका वाक्यात उरकतो आणि बराचसा वेळ १९३०-३३ ला देतो. आता एकच हवंय. पोलिश पट्टा (तहाने पोलंडला समुद्रापर्यंत दिलेली जमीन) आणि त्याला लागून असलेलं डँझिग बंदर स्पष्ट दिसेल असा, मराठी नावांचा १९१९ नंतरच्या युरोपचा नकाशा कुणाकडे आहे का? ठळक रेषांचा असावा. प्रोजेक्टर आहे, पण कट्ट्याची भिंत पोपटी आहे.