कंपनी ड्युटीसाठी डिझायरच्या वरची सेडान कोणती घ्यावी? (पुणे-मुंबई, टी परमिट)

चाकण_सारथी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन डिझायर सीएनजी आणि एक एर्टिगा, तिन्ही टी परमिटवर (म्हणजे टुरिस्ट टॅक्सीच्या परवान्यावर). काम बहुतेक चाकण-तळेगावच्या कंपन्यांचं. पाहुण्याला मुंबई विमानतळावरून आणायचं, प्लांटवर न्यायचं, संध्याकाळी हॉटेलवर सोडायचं. आता एक कंपनी म्हणते, परदेशी पाहुण्यांना डिझायर नको, 'प्रीमियम सेडान' द्या. रेट वाढवून देणार म्हणतात, पण अजून सगळं तोंडीच आहे. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस बघतोय. मारुतीची सियाझ बंद झाली नसती तर डोळे झाकून तीच घेतली असती. नवी घ्यावी की जुनी? पेट्रोल परवडेल का? गाडीवर ड्रायव्हर ठेवणार आहे.

घाटवाला
दादा, तोंडी रेटवर शोरूमची पायरी चढू नका. आधी ८ तास ८० किमीचा दर, जादा किमी, जादा तास, नाइट हे सगळं लेखी घ्या. आणि मीटर गॅरेज टू गॅरेज की पिकअपपासून, हे सगळ्यात आधी विचारा. चाकणहून रिकामी गाडी मुंबईला पाठवून पाहुणा आणायचा आणि बिल फक्त येतानाचं, असं असेल तर सीएनजीवर कसंबसं जमतं, पेट्रोल सिटीवर पदरचे पैसे जातील.

आता गाडी. व्हर्टसचं टर्बो इंजिन मस्त आहे, पण टी परमिटला ८० चा स्पीड लिमिटर बसवावा लागतो. एक्स्प्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा असली तरी तुमची गाडी ८० लाच अडकणार. त्या टर्बोचे पैसे कशाला मोजायचे? तुमच्या धंद्यात मागची डावी सीट आणि डिकी, एवढंच बघायचं. स्वतः मागे बसून तासभर टेस्ट ड्राइव्ह घ्या, सेल्समनला पुढे बसवा.

निवृत्त_इटिऑस
टोयोटाच्या इटिऑस डिझेलची आठवण आली. ५९५ लिटरची डिकी, मागे सपाट फ्लोअर, इंजिन लाखांच्या पुढे पळायचं. दिसायला डबा, पण धंद्याची गाडी. २०२० मध्ये बीएस ६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर टोयोटाने बंद केली आणि तशी सेडान परत कोणी बनवली नाही. आता या साइझमध्ये डिझेल शोधूच नका.

ट्रॅव्हलडेस्क
मी पलीकडच्या बाजूची, एका कंपनीत गाड्या बुक करते. अनुभवाने सांगते, पाहुण्याला मॉडेलचं नाव आठवतसुद्धा नाही. माझ्याकडे तक्रारी येतात त्या वेगळ्याच. एसी मागे लागत नव्हता, गाडीत गुटख्याचा वास होता, ड्रायव्हर सारखा फोनवर होता. आणि सगळ्यात जास्त वेळा, बॅग डिकीत बसली नाही म्हणून पुढच्या सीटवर ठेवली. डिझायर सीएनजीला नकार येतो तो बहुतेक या बॅगेमुळेच. परदेशी पाहुण्याकडे दोन मोठ्या बॅगा असतातच, आणि डिकीत सिलिंडर.

दुसरं, आमच्या रेट कार्डात सेडान, प्रीमियम सेडान, इनोव्हा क्रिस्टा आणि लक्झरी असे रकाने आहेत. प्रीमियम सेडानचा दर क्रिस्टाच्या जवळ गेला की साहेब लोक सरळ क्रिस्टा मागतात. त्यामुळे या रकान्यात मागणी खरी आहे, पण पातळ आहे. महिन्याला किमान किती ड्युट्या, हे त्या कंपनीकडून काढून घ्या.

चाकण_सारथी
ताई, सिलिंडरचं अगदी बरोबर. टाटाच्या टिगोर सीएनजीला दोन छोटे सिलिंडर खाली बसवून डिकी वाचवतात, ती चालेल का?

ट्रॅव्हलडेस्क
डिकीचा प्रश्न सुटेल. पण आमच्या यादीत टिगोर डिझायरच्याच रकान्यात आहे. रेट वाढवून मिळणार नाही.

हिशेबनीस
कराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. डिझायर, ऑरा, अमेझ त्यात येतात. सिटी, व्हर्ना, व्हर्टस चार मीटरच्या वर, म्हणजे ४० टक्के. व्हर्टसचं इंजिन एक लिटरचं असलं तरी लांबीमुळे ४० च.

तुम्ही भाड्यावर ५ टक्क्यांनी बिल करत असाल तर गाडीवर भरलेल्या या कराचं क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळत नाही. १८ टक्क्यांनी केलं तर मिळतं. पण समोरच्या कंपनीला त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट सहसा घेता येत नाही, म्हणून त्या ५ वरच अडून बसतात. तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर ते ५ टक्के बहुधा कंपनीच रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे तुमच्याऐवजी थेट सरकारला, भरत असेल. तेव्हा ४० टक्के धरूनच गाडीची किंमत मोजा आणि सीएला एकदा विचारा.

सिटीचा_ड्रायव्हर
मी सिटी सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरवाली) चालवतो, मालक दुसरे. मागची सीट ऐसपैस, डिकी ५०६ लिटर, दोन मोठ्या बॅगा आणि वर लॅपटॉपची बॅग आरामात बसते. सीव्हीटीमुळे वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडीला झटके बसत नाहीत, पाहुणा झोपतो. मॅन्युअलमध्ये दिवसभर क्लच मारून संध्याकाळी आमचाच पाय दुखतो आणि मग ब्रेकही कचकन लागतो.

वाईट सांगायचं तर गाडी बुटकी आहे. वयस्कर माणसाला आत शिरताना डोकं सांभाळावं लागतं. प्लांटच्या आतल्या स्पीड ब्रेकरला खालून घासते. व्हर्नाची डिकी मोठी, ५२८ लिटर, पण मागे छत उतरतं, उंच पाहुण्याचे केस लागतात. हायब्रीड सिटी मायलेजला भारी, पण बॅटरीने डिकी खाल्ली आहे, ती घेऊ नका.

घाटवाला
ड्रायव्हर दादांनी लाख मोलाचं लिहिलंय. जुन्याबद्दल राहिलं होतं. २०२२ च्या पुढची सियाझ खासगी मालकाकडून मिळाली तर वाईट नाही. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २६५० मिमी, डिझायरपेक्षा २०० जास्त, आणि तो सगळा मागच्या पायांना मिळालाय. पण पांढऱ्या पाटीची (खासगी) पिवळी (टॅक्सी) करताना कराचा फरक, फिटनेस, लिमिटर, जीपीएस आणि पॅनिक बटण, नवा विमा, लोन असेल तर बँकेची एनओसी, हे सगळं आलं. आधी आरटीओत विचारा, मग बयाणा द्या. पांढऱ्या पाटीवरच चालवू असं कोणी सुचवलं तर कानाडोळा करा. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

आणि कंपनी बड्या साहेबांसाठी गाडी मागत असेल तर त्यांना मर्सिडीजची ई-क्लास किंवा टोयोटाची कॅमरी हवी असते, सिटी नव्हे. ई-क्लास तुमच्या चाकणलाच जोडतात, तेवढ्यावरून हुरळून घेऊ नका. त्या ड्युट्या बाहेरून भाड्याने गाडी घेऊन करायच्या.

नवीमुंबईकर
इलेक्ट्रिक का नाही? परमिटची फी लागत नाही, पाटी हिरवी.

घाटवाला
शहरात करा की. टाटाच्या इलेक्ट्रिक एक्सप्रेस-टीसारखी गाडी हिंजवडी-लोहगाव विमानतळ मारायला उत्तम. पण फ्लाइट तीन तास लेट, पाहुणा पहाटे बाहेर येणार आणि तिथून थेट तळेगाव, अशा ड्युटीत चार्जिंगला कुठे थांबायचं ते तुम्हीच सांगा. पाहुण्याला फूड मॉलवर बसवून ठेवता येत नाही.

चाकण_सारथी
सर्वांचे आभार. आज कंपनीत जाऊन आलो. मीटर पिकअपपासूनच म्हणतात, किमान ड्युट्या लिहून द्यायला तयार नाहीत. जादा किमीचा दर मात्र बरा आहे. विचार असा की गाडी आत्ता घ्यायची नाही. ओळखीच्या एकाची सिटी सीव्हीटी अटॅच करून (गाडी त्याची, काम माझं) तीन महिने ड्युट्या मारतो, कमिशन थोडं सुटेल. ड्युट्या टिकल्या तर स्वतःची घेईन. त्या मालकाला अटॅचचे पैसे आठवड्याला द्यावेत की कंपनीचं बिल पास झाल्यावर?

घाटवाला
आठवड्याला. कंपनी दोन महिने बिल दाबून बसेल, तोवर तो गाडी दुसरीकडे लावेल. तेवढं भांडवल बाजूला काढूनच ड्युटी घ्या.

सिटीचा_ड्रायव्हर
आणि ड्रायव्हरचा भत्ता रोजच्या रोज द्या दादा, तो उधार ठेवू नका.