भंडारदरा एका दिवसात ‘करून’ येणं बंद व्हायला हवं का?

घोटीमार्गे:
सरळच मुद्द्यावर येतो. सकाळी गाडी काढायची, भंडारदरा ‘करायचा’ आणि रात्री जेवायला घरी, हा जो प्रकार चाललाय तो थांबायला हवा असं माझं ठाम मत झालंय. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा 76 किमीचा टप्पा उघडला आणि ठाणे-भिवंडीकडच्यांना इगतपुरी एकदम अंगणात आल्यासारखी झाली, तेव्हापासून रविवारी शेंडीत, म्हणजे भंडारदरा धरणाजवळच्या गावात, पाय ठेवायला जागा नसते.

आम्ही दोघं सप्टेंबरात बाइकवर गेलो. शेंडीवरून जलाशयाला वळसा घालणारा जो रस्ता आहे, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी, तो सगळा मिळून चाळीस-पंचेचाळीस किमी असेल. गाडीवाले दोन तासात मारतात, आम्ही तीन दिवस लावले, दोन रात्री गावातल्या घरांत राहिलो. घाटघरला कोकणकड्यावर पोचलो तर नुसतं धुकं, आमच्यासमोर पाच-सहा गाड्या आल्या, पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढले आणि गेल्या. आम्ही तिथेच मुक्कामी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास धुकं दहा मिनिटं फाटलं आणि खाली अख्खं कोकण दिसलं, पोटात गोळाच आला. ज्यांच्याकडे राहिलो त्या बाबांनी घाटघरच्या उदंचन प्रकल्पाचं सांगितलं, म्हणजे विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला सोडून 250 मेगावॉट वीज काढायची आणि रात्री वीज शिल्लक असली की तेच पाणी पंपाने परत वर आणायचं. मी याआधी दोनदा त्या प्रकल्पाच्या धरणावरून गाडी नेलीय आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं!

सोनकी फुललेली, खाचरात भात पोटरीला आलेला, हे चालत्या गाडीतून दिसतं पण कळत नाही. म्हणून म्हणतो, किमान दोन मुक्काम असतील तरच जावं, आणि तो रिंग रोड रुंद करू नये, आहे तसाच राहू दे.

रविवार एकच:
तुमचं वर्णन आवडलं पण मत अजिबात पटलं नाही. मी दुकानात कामाला आहे, आठवड्याची एकच सुट्टी, तीन दिवस गेलो तर दोन दिवसांचा पगार कापला जातो. आई 68 वर्षांची, तिने आयुष्यात पहिल्यांदा रंधा धबधबा पाहिला तो याच एका दिवसाच्या ट्रिपमध्ये, समृद्धी होता म्हणूनच तिला एवढा प्रवास झेपला. धबधब्यासमोर ती अर्धा तास काही न बोलता उभी होती. तिला काय सांगू, दोन मुक्काम जमत नाहीत म्हणून तू येऊ नकोस? वेळ हा पण पैसाच आहे आणि तो सगळ्यांकडे सारखा नसतो.

राजूरच्या अलीकडचा:
मी इथलाच, अकोले तालुका. घोटीमार्गे दादा, तुमचं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्याचा राग आला, दोन्ही सांगतो.

राग रस्त्याचा. घाटघर-साम्रदकडनं रात्री बाळंतीण न्यायची वेळ आली की राजूर गाठायचं, तिथं नाही जमलं तर पुढं अकोले नाहीतर संगमनेर. पावसाळ्यात इथं पाऊस किती असतो ते तुम्ही सप्टेंबरात बघितलं नसणार, आषाढात या म्हणजे कळेल, दरड आली की गाव तुटतं. रस्ता अरुंद राहिला तर तुमचा प्रवास छान होतो पण आमची माणसं त्याच रस्त्यावर अडकतात. असं परत लिहू नका.

आता बरोबर काय ते. मेच्या शेवटी काजवे बघायला गाड्या येतात, हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकत असतात, तो त्यांचा नर-मादीचा इशारा असतो, आणि त्या झाडांवर गाड्यांचे हेडलाइट मारून ठेवतात. मग मादीला नर दिसणार कसा? वर झाडाखाली गवतात घुसतात, तिथंच मातीत त्यांची अंडी-अळ्या असतात. लहानपणी आम्ही घराच्या ओट्यावरून बघायचो, आता त्यासाठी आत लांब जावं लागतं. जो मुक्कामी असतो तो गाडी बंद करून अंधारात तासभर बसतो, ज्याला रात्रीच मुंबई गाठायचीय त्याला तेवढा दम नसतो. हे मी डोळ्यांनी बघतोय.

आळेफाट्यावरून:
पण धंद्याचं काय? मी दर पावसाळ्यात ब्राह्मणवाडा-कोतूळ करत येतो. रविवारी दोनशे गाड्या आल्या तर चहावाला, कणीसवाली, पार्किंगवाला पोरगा, सगळ्यांच्या हातात काहीतरी पडतं. तुमचे मुक्कामी लोक किती, दहा? आणि त्यातले निम्मे कंपाउंडवाल्या रिसॉर्टात तीन दिवस पडून असतात, त्याला पण हळू प्रवासच म्हणायचं का? माझ्या मते नुसती संख्याच कामाला येते.

राजूरच्या अलीकडचा:
रिसॉर्टचं मान्य, त्यातलं गावात फार कमी येतं. पण संख्येचं नाही पटत. मॅगी आणि कोल्ड्रिंक विकलं तर पाकिटामागे सुटतात किती, बाकी पैसा कंपनीकडे जातो, आणि रिकामी बाटली आमच्या ओढ्यात राहते. घरात जेवण घातलं, नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, आमचाच तांदूळ, तर ते सगळे पैसे चुलीपाशीच राहतात. आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत, जुनं गावरान बियाणं जपलं म्हणून 2020 ला पद्मश्री जाहीर झाली. ते बियाणं टिकायचं तर ते पिकवून खाणारं माणूस लागतं. दोन तासात रिंग रोड मारणारा ते खात नाही.

सायली_ठाणे:
सगळे पुरुष बोलतायत म्हणून लिहिते. अनोळखी गावात अनोळखी घरात दोन रात्री, हे तुम्हाला सोपं आहे. मी एकदा दुसऱ्या एका भागात अशी राहिले होते, बाथरूमला कडी नव्हती, रात्रभर झोप नाही. त्यानंतर मी संध्याकाळी परत फिरते आणि त्याबद्दल मला कोणी उथळ म्हणू नये.

घोटी एसटी स्टँड:
सायली, तुझी भीती खरी आहे. आम्ही तिघी मैत्रिणी गाडीशिवाय गेलो होतो, ट्रेनने इगतपुरी, तिथून घोटी, पुढे एसटीने शेंडी आणि मग गावातली जीप. फोनवर पहिला प्रश्न दराचा विचारलाच नाही, संडास घराला लागून आहे का, आतून कडी आहे का, आणि घरात बाई कोण असेल, तिच्याशीच बोलायचंय. ज्यांनी फोन बायकोकडे दिला त्यांच्याकडेच गेलो. त्या ताई रात्री आमच्याच खोलीत येऊन गप्पा मारत बसल्या, हिरडा गोळा करायला किती लांब जावं लागतं ते सांगत होत्या. पण हे तीन जणी होतो म्हणून जमलं, एकटीने जा असं मीही नाही म्हणणार.

घाटात गाडी चालवणारा:
एकच मुद्दा. हळू म्हणजे वळणावर थांबणं नव्हे! फुलं दिसली की लोक ब्लाइंड टर्नवर गाडी उभी करतात आणि मागून माझी भरलेली पिकअप येते. पुढे रुंद जागा बघून थांबा आणि मागे चालत या.

घोटीमार्गे:
रस्त्याबद्दलचं वाक्य मागे घेतो, पूर्णपणे. मी माझ्या नजरेनेच बघत होतो, बाळंतिणीचा विचार डोक्यातच आला नव्हता. आणि ‘किमान दोन मुक्काम’ हेही चुकलं, आईंचं वाचून वाईट वाटलं, त्यांना अर्धा तास मिळाला तो माझ्या तीन दिवसांपेक्षा कमी नाही. पण काजव्यांच्या दिवसांत जो रात्री राहणार नाही त्याने जंगलात गाडी घालू नये, यावर मी ठाम आहे, आणि ती गाड्यांची गर्दी कुठेतरी मोजून सोडली पाहिजे.

रविवार एकच:
काजव्यांचं मान्य. बंदीचं अजूनही नाही. पण असं करता येईल का, शनिवारी दुकानातून लवकर निघून रात्री पोचायचं, एक मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत? आईला जमेल का आणि राहायचं कुठे, शेंडी की रतनवाडी?

राजूरच्या अलीकडचा:
रतनवाडी. शेंडीहून पुढं रात्री धुकं असतं, म्हणून उजेड असेपर्यंत पोचा, नाहीच जमलं तर त्या रात्री शेंडीतच थांबा आणि पहाटे निघा. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ गाड्या यायच्या आत बघा, सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं, शेजारी पुष्करणी आहे, आईंना पायऱ्यांवर निवांत बसता येईल. आणि नागलीची भाकरी हवी असेल तर दोन दिवस आधी फोन करा, पीठ दळून आणावं लागतं.